मास्तरांच्या संग्रहालयातलं शिंग

आमच्या मास्तरांनी सोलापुरात संग्रहालय काढलं तेव्हा गावातल्या पुष्कळांना तो शब्दच नवा होता. माझ्या वडिलांना, आबांना, मी तो समजावून सांगितला. जुन्या वस्तू मांडून ठेवतात, लोक येऊन बघतात, कुणी काही विकत घेत नाही. आबा म्हणाले, "मग मांडायच्या कशाला?"

मास्तर बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे यहुदी. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून तिकडे त्यांना शनवार तेली म्हणत. मास्तरांच्या घराण्याने कोकण सोडून बराच काळ झाला होता. आजोबा पलटणीत होते, वडील रेल्वेत, आणि मास्तर आमच्या हायस्कुलात गणित शिकवीत. घरात मराठी, ताटात भाकरी, डोक्याला काळी टोपी. तरी निम्मं गाव त्यांना मुसलमान समजे आणि उरलेलं निम्मं किरिस्ताव. त्यांच्या जुन्या माणसांनी प्रार्थनेच्या जागेला मशीद म्हणायची रीत ठेवली होती, त्यामुळे घोटाळा आणखी वाढे. मास्तर चिडत नसत. कुणी विचारलं तर सांगू, म्हणत. पण कुणी विचारत नसे. संग्रहालयाची कल्पना त्यातूनच निघाली असावी.

शनिवारी शाळा अर्धा दिवस असे. मास्तर त्या दिवशी खडूला हात लावीत नसत. त्याची भरपाई म्हणून रविवारी सकाळी ते कच्च्या मुलांना आपल्या घरी शिकवीत. मी कच्च्यातला कच्चा. जेऊरजवळच्या वाडीवरून आलेला धनगराचा मुलगा. मेंढरं एका नजरेत मोजता यायची, पण बीजगणितातला क्ष हा नेमका कोण, ते उमगत नव्हतं. मास्तरांनी मला मेंढरांवरूनच बीजगणित शिकवलं. सकाळी किती निघाली ते माहीत आहे, संध्याकाळी किती परत आली तेही माहीत आहे, तर हरवलेल्यांना आपण क्ष म्हणू. हे मला चटकन कळलं, कारण हरवलेल्या मेंढराचा शोध कसा घेतात ते मला ठाऊक होतं. त्या रविवारांच्या बळावर मी मॅट्रिक झालो, पुण्याला जाऊन बी. ए. झालो आणि त्याच हायस्कुलात शिक्षक म्हणून परत आलो. आमच्या वाडीत माझ्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा झालेलं नव्हतं. हे लिहिताना आजही छाती थोडी भरून येते, ते लपवीत नाही.

आबांना माझा अभिमान होताच, पण त्यांच्या मनात एक काटा सलत होता. मास्तर आमच्याकडून काही घेत नसत. विद्यार्थ्याच्या घरचं काही घ्यायचं नाही, असा त्यांचा नेम होता. आबांनी स्वतः विणलेलं घोंगडं नेलं, ते मास्तरांनी हात फिरवून, विणीची तारीफ करून परत दिलं. लोणी नेलं, तेही परत. एकदा आबांनी एक कोकरू जेऊरहून गाडीत घालून आणलं आणि त्याच गाडीनं संध्याकाळी परत नेलं. वाडीवर लोक म्हणायचे, पोराच्या आधी कोकरूच सोलापूर शिकून आलं. आबा हसायचे, पण घरी आल्यावर आईजवळ म्हणायचे, "पोरगं माझं, घडवलं दुसऱ्यानं, आन् मी हात हालवत हुबा. ह्ये काय खरं न्हाय."

आमच्याकडे घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याचा मान मोठा. ज्याला कधीच देता येत नाही, तो पंगतीत बसला तरी त्याची मान खाली असते. आबांची मान मास्तरांच्या दारात कायम खाली असे, आणि ती वर झालेली मला बघायची होती.

गावातला तीस सालचा मार्शल लॉ उठून काही वर्षं झाली होती. मास्तर नोकरीतून निवृत्त झाले होते. यहुद्यांच्या प्रार्थनालयाच्या मागच्या अंगाला दोन खोल्या पडून होत्या. मास्तर आणि त्यांचे स्नेही, रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्डसाहेब, या दोघांनी त्या चुन्याने पांढऱ्या केल्या, आणि सोलापुरात जी काही यहुदी घरं होती त्यांच्या पेट्या उघडायला लावल्या. रविवारी सकाळी कुणीही यावं, चपला बाहेर काढाव्यात, डोकं झाकलेलं असावं, एवढीच अट. वस्तूंखाली लावायच्या मराठी चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे होतं. माझं अक्षर मास्तरांनीच वळवलेलं, त्यामुळे तो हक्क माझाच होता.

पहिल्या रविवारी मी आबांना मुद्दाम बोलावून घेतलं. धुतलेलं पागोटं, नवं धोतर, खांद्यावर घोंगडं. मी भवानी पेठेत एका पद्मशाली विणकराच्या माडीवर राहत होतो. तिथून आम्ही चालत निघालो. वाटेत आबा एकदाच बोलले. तिथे किती वेळ थांबावं लागेल, असं त्यांनी विचारलं.

दारात गार्डसाहेब उभे होते. त्यांचा आवाज प्लॅटफॉर्मवर चालणारा होता आणि लहान खोलीत तो जरा जास्तच होई. आबांच्या पागोट्याकडे बघून त्यांनी मान डोलावली. टोपी नसणाऱ्यांसाठी त्यांनी हातरुमालांची चळत ठेवली होती, ती उपयोगी पडली नाही.

पहिल्या खोलीत लाकडी घाण्याची लहान प्रतिकृती होती. त्याच्या शेजारी मास्तरांच्या आजोबांचा पलटणीतला बिल्ला. छताला शुक्रवारच्या संध्याकाळी लावायचा काचेचा दिवा टांगला होता. त्यात खाली पाणी आणि वर खोबरेल घालतात. एका पाटावर मलिद्याचं ताट होतं. नवस फेडताना गूळ-खोबऱ्याचे पोहे आणि फळं त्यात मांडून ते लोक एलिया नबी या आपल्या प्रेषिताचं नाव घेतात. आबा त्या ताटापाशी रेंगाळले. पोहे, गूळ, खोबरं, नवस, हे सगळं त्यांच्या ओळखीचं. "ह्ये तर आपल्यावाणीच हाय की," ते माझ्या कानात म्हणाले. मग लग्नाचं करारपत्र आलं. जाड कागदावर कडेने फुलांची वेल रंगवलेली आणि मधे इब्री, म्हणजे हिब्रू, अक्षरं, उजवीकडून डावीकडे. आबांना कुठलीच अक्षरं येत नव्हती, त्यामुळे मराठीपेक्षा ती त्यांना जास्त परकी वाटली नाहीत. वेल मात्र त्यांनी बोटाने, कागदाला न लावता, शेवटपर्यंत माग काढत पाहिली.

दुसऱ्या खोलीत मखमली पडदा होता. धर्मग्रंथाच्या कपाटापुढे असा पडदा लावतात. हा जुना झाला म्हणून इथे आला होता. त्याची जरीची किनार माझ्याच घरमालकांच्या वडिलांनी मागावर काढलेली. तेलुगू बोलणाऱ्या विणकराने यहुदी लोकांसाठी केलेलं काम सोलापुरातल्या भिंतीवर टांगलेलं बघून मला आपल्या गावाचा फार अभिमान वाटला. आबांना मी ते सांगत होतो, पण ते ऐकत नव्हते. ते पडद्याशेजारच्या टेबलाकडे बघत होते.

टेबलावर पांढऱ्या कापडावर एक शिंग होतं. काच अजून बसवायची होती. शिंग एडक्याचं, एका वळणाचं, टोकाला कापून भोक पाडलेलं. नव्याच्या सणाला, म्हणजे यहुदी वर्षारंभाला, ते प्रार्थनेत फुंकतात. खालची चिठ्ठी मीच लिहिली होती. पण आबांना चिठ्ठीची गरज नव्हती. इतक्या परक्या वस्तूंत एकदम आपलं माणूस भेटावं तसा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी कमरेची चंची सोडली, बिरोबाचा भंडारा चिमटीत घेतला, शिंगाला लावला, मग स्वतःच्या कपाळाला लावला आणि हात जोडले.

आमच्याकडे हेच करतात. देवाच्या जागी शिंग दिसलं की त्याला भंडारा लावायचा. न लावणं हा अपमान.

गार्डसाहेबांचा आवाज सगळ्या खोलीत भरला. अहो, हे काय करता, इथे कशाची पूजा चालत नाही, हे देऊळ नाही. बघायला आलेले चारदोन लोक वळले. ज्या लोकांनी मूर्तीला हात जोडायचे नाहीत हे हजारो वर्षं पाळलं, त्यांच्या पवित्र वस्तूवर हळद. आबांचे हात जोडलेलेच राहिले. कुठे चुकलं ते त्यांना कळत नव्हतं, आणि मला कसं सांगावं ते कळत नव्हतं.

मास्तर आले. त्यांनी गार्डसाहेबांच्या दंडाला हात लावला आणि मग खिशातला रुमाल काढून शिंग पुसलं. हळुवार पुसलं, पण पुसलंच. शिंगाला एक लांब चीर होती, त्या चिरेत पिवळं राहिलं. ते काही निघालं नाही.

मास्तरांनी आबांना बाकावर बसवलं. ते म्हणाले, यात अपमान कुणाचाच नाही, तुम्ही मान दिलात तो मला पोचला, पण आम्ही मान द्यायचा तो एकालाच, आणि त्याला रूप नाही. मग त्यांनी शिंगाची गोष्ट सांगितली. देवाने आमच्या मूळपुरुषाची परीक्षा पाहिली. म्हणाला, मुलगा दे. तो मुलाला घेऊन डोंगरावर गेला. सुरी उचलली तेव्हा देवाने हात धरला. बाजूच्या झुडपात एक एडका शिंगांनी अडकून पडला होता. मुलाच्या जागी तो दिला.

आबा सगळं ऐकून म्हणाले, "म्हंजे पोराच्या बदल्यात एडका."

"हो."

"मग आमचं आन् तुमचं लई लांब न्हाय, मास्तर."

मास्तर हसले. मग आबांनीच विचारलं की शिंगाला चीर गेलीय, आता ह्ये वाजतं का. मास्तर म्हणाले, वाजलं तरी चालत नाही, चिरलेलं शिंग प्रार्थनेला बाद. म्हणूनच ते इथे कापडावर आलं. गेल्या सणाला मुंबईहून उसनं आणलं होतं, या सणाला मिळेल की नाही याची खात्री नाही. हे ते सहज बोलले. पण आबा बाकावर एकदम ताठ बसले, ते मी पाहिलं.

परत येताना भवानी पेठेतून आबा माझ्या दोन पावलं पुढे चालत होते. दोन्ही बाजूंनी मागांचा खटखटाट सुरू होता. मला वाटलं, पुसलेल्या भंडाऱ्याचं त्यांना लागलं असणार. तसं ते लागलंही होतं. जिन्यापाशी थांबून त्यांनी एवढंच विचारलं, "त्यांचा नवा सण कवा असतुया?"

भादव्याच्या अखेरीस, मी म्हटलं.

पुढच्याच रविवारी आबा हजर झाले. फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काखेत होतं. काय आणलंय ते त्यांनी मला दाखवलं नाही. थेट मास्तरांच्या पुढ्यात, संग्रहालयाच्या टेबलावर ते सोडलं. जाडजूड, दोन वळणांचं, काळंभोर, तेल लावून चकाकवलेलं शिंग. इतकं सुंदर शिंग मी दुसरं पाहिलेलं नाही. आणि ते मी ओळखलं. आमच्या घरात मधल्या खांबाला ते टांगलेलं असायचं.

गार्डसाहेबांनी सुद्धा वा म्हटलं. मास्तरांनी ते दोन्ही हातांनी उचललं, वळणावरून अंगठा फिरवला, उजेडाकडे धरून चीर आहे का पाहिलं. नव्हती. त्यांच्या तोंडावर लहान मुलासारखा आनंद होता. मग त्यांनी विचारलं, हा एडका कसा गेला.

आबांनी अभिमानाने सांगितलं. मी बी. ए.च्या परीक्षेला बसलो तेव्हा त्यांनी बिरोबाला नवस बोलला होता. निकाल लागला तसा कळपातला सगळ्यांत देखणा एडका यात्रेत देवाला दिला. हे त्याचं शिंग. "पोराच्या बदल्यात एडका," आबा म्हणाले. "तुमीच सांगितलं न्हवं? ह्यो त्योच की."

मास्तरांनी शिंग खाली ठेवलं. मला त्यांचा स्वभाव माहीत होता. ते खोटं बोलणार नव्हते, आणि खरं बोलले तर काय होईल तेही त्यांना दिसत होतं. गार्डसाहेब पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले की विचारलं नसतं तर बरं झालं असतं. पण आता विचारून झालं होतं.

"पाहुणे," मास्तर म्हणाले, "दुसऱ्या देवाला वाहिलेलं आम्हाला घेता येत नाही. याच्याइतकं चांगलं शिंग मला मिळणार नाही. तरी घेता येत नाही."

आबांनी शिंग आपल्याकडे ओढून घेतलं. घोंगडं परत गेलं, कोकरू परत गेलं, आणि आता माझ्या बी. ए.चं शिंगही परत चाललं होतं. आबांच्या घरात याहून मोठी वस्तू नव्हती.

"तुमचा देव लई कडक हाय, मास्तर."

"आहे खरा."

"आमचा बी हाय. त्याला दिल्यालं त्यो बी दुसऱ्याला देऊ देत नसंल. मीच चुकलो." त्यांनी फडकं पुन्हा बांधलं. गाठ मारता मारता विचारलं, "मेल्यालं चालतं का? आपसूक मेल्यालं?"

मास्तर म्हणाले, चालतं. शिंगाला ती अट नाही.

"देवाला दिल्यालं चालत न्हाय, आन् मेल्यालं चालतं. उलटंच हाय की सगळं." असं म्हणून आबा हसले. त्यांचं हसणं ऐकून गार्डसाहेबही हसले. पण स्टेशनवर गाडीत चढताना आबांचा चेहरा पुन्हा गंभीर होता. काखेतलं फडकं त्यांनी मांडीवर घेतलं आणि त्यावर हात ठेवून बसले.

एके दिवशी मी शाळेत शिकवायला गेलो असताना ते तिसऱ्यांदा आले. मला न कळवता, एकटेच, थेट मास्तरांच्या घरी गेले. संध्याकाळी मास्तरांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर एक आखूड, खरबरीत, वेडंवाकडं शिंग पडलं होतं. आमच्या कळपाचा म्होरक्या होता, त्याचं. कैक वर्षं त्याने कळप पुढे नेला आणि गेल्या उन्हाळ्यात म्हातारपणाने ओढ्याकाठी बसला तो उठला नाही. त्याला कधी कुठल्या देवाला बोललेलं नव्हतं, कारण म्होरक्याला बोलत नाहीत. तो गेला तर कळप कोण नेणार?

आबा मला म्हणाले, "कुणाच्याच देवाचा न्हवता ह्यो. निस्ता कामाचा हुता."

आबांनी शिंग पाण्यात उकळून आतला गाभा काढून आणला होता. टोक कापायला आणि भोक पाडायला आम्ही ते शिंगाच्या फण्या करणाऱ्या एका कारागिराकडे नेलं. त्याने आधी वर्तमानपत्राच्या कागदाची नळी करून आतलं वळण अजमावलं, मग तापवलेल्या सळईने भोक पाडलं. जळक्या शिंगाचा वास आमच्या कपड्यांना दिवसभर येत होता. फुंकायचं काम गार्डसाहेबांकडे. जन्मभर शिट्टी फुंकलेला माणूस, पण या शिंगातून पहिल्यांदा नुसता वारा निघाला. आबांनी त्यांना चिडवलं, "गार्डसायब, झेंडी दावा, मंग वाजंल." गार्डसाहेबांनी पुन्हा ओठ आवळले.

सणाच्या दिवशी आबा पहाटेच्या गाडीने आले. आत बसायला मास्तरांनी जागा ठेवली होती, पण आबा म्हणाले, तुमचा कायदा मला ठावा न्हाय, पुन्यांदा काय चुकंल. ते बाहेर ओट्यावर भिंतीला टेकून बसले आणि मी त्यांच्याजवळ. आतून इब्री प्रार्थनेचे सूर येत होते. मधेच सगळं शांत झालं. मग आवाज आला. आधी घोगरा, अडखळता, आणि मग एकदम मोकळा होऊन तो सरळ रस्त्यावर आला. समोरून चाललेला टांगा थांबला. घोड्याने कान टवकारले. आबांनी पागोटं नीट केलं.

"म्होरक्याचा आवाज असाच हुता का?" मी विचारलं.

"न्हाय," आबा म्हणाले. "ह्यो बरा हाय."

प्रार्थना संपल्यावर मंडळी बाहेर आली. पांढऱ्या कपड्यांतले पुरुष, नऊवारी नेसलेल्या बायका, मुलं. मास्तर सगळ्यांच्या पुढे होते. ते सरळ आबांच्या समोर येऊन उभे राहिले. आबा उठू लागले तेव्हा त्यांनी खांद्याला धरून त्यांना बसवलं आणि सगळ्यांच्या देखत हात जोडले. मास्तरांनी माणसाला हात जोडलेले मी तेव्हाच पाहिले.

"पाहुणे," ते म्हणाले, "तुमचे उपकार राहिले आमच्यावर."

ते वाक्य आबांनी मनात एकदा घोळवलं असावं. मग मान वर करून, मास्तरांच्या डोळ्यांत बघत ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की, मास्तर. लगीच फेडायला येऊ नका."

गार्डसाहेब इतक्या जोरात हसले की टांग्याचा घोडा पुन्हा दचकला. मास्तरांनीही मान डोलावली. फेडणार नाही, म्हणाले.

तेव्हापासून ते शिंग वर्षभर संग्रहालयात काचेखाली असे आणि नव्याच्या सणाला बाहेर निघे. त्याच्याखालची चिठ्ठी मी लिहिली: एडक्याचे शिंग, जेऊर भागातल्या एका मेंढपाळाकडून. मास्तरांनी ती वाचली आणि 'मेंढपाळाकडून' च्या पुढे स्वतःच्या हाताने एक शब्द घातला, 'सप्रेम'. शेजारी जुनं चिरलेलं शिंगही राहिलं. त्याच्या चिरेतला पिवळेपणा कुणी खरवडून काढला नाही.

मी दरवर्षी शाळेतल्या मुलांना घेऊन तिथे जायचो. आबा मात्र जेऊरच्या बाजारात, देवळाच्या पारावर, सोयऱ्यांच्या घरी, भेटेल त्याला ही गोष्ट सांगत. सांगताना ते शिंग दर खेपेला बोटभर लांब होत गेलं, आणि त्या सणाला जमलेली माणसंही वाढत गेली. मी शेजारी बसून ऐकायचो आणि आपला बी. ए. झालेला आकडेमोडीचा मेंदू गप्प ठेवायचो.